कवड्यांचे दान आणि संभवाचे गणित



जबलपुरातील मराठी वस्ती काही आजची नव्हे. हा मुलूख १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर त्यांच्या हातून गेला. पुढे कचेऱ्या, रेल्वे आणि शाळा यांच्या निमित्ताने आणखी कुटुंबे आली व नर्मदेच्या आश्रयाने येथलीच होऊन गेली. आमच्या घरी त्या जुन्या दिवसांची एकच खूण उरली आहे. ती म्हणजे पचीसीचा कापडी पट आणि सहा कवड्या. गेल्या दिवाळीत तो पट अंथरला, तेव्हा अकरावीत शिकणाऱ्या भाच्याने विचारले, "मामा, सहाही कवड्या पालथ्या पडल्या तर पंचवीस, आणि सहाही उताण्या पडल्या तर सहाच! हा कुठला न्याय?"

प्रश्न पोरवयाचा खरा, पण त्याच्या उत्तरात गणिताच्या एका शाखेचा सारा इतिहास सामावलेला आहे.

प्रथम हिशेब करून पाहू. एक कवडी दोनच रीतींनी पडते, उताणी किंवा पालथी. दोन कवड्या चार रीतींनी, तीन आठ रीतींनी. याप्रमाणे दुप्पट करीत गेले म्हणजे सहा कवड्यांच्या ६४ रीती होतात. त्यांपैकी एकही उताणी नाही अशी रीत १, एकच उताणी अशा ६, दोन उताण्या अशा १५, तीन २०, चार १५, पाच ६ आणि सहा उताण्या अशी पुन्हा १. बेरीज बरोबर ६४ येते. सर्व रीती सारख्याच सुलभ मानल्या, तर तीनचे दान पडण्याची संभाव्यता ६४ पैकी २०, आणि पंचवीसची ६४ पैकी १. अनुकूल रीतींना एकूण रीतींनी भागावे, एवढाच हा प्राथमिक नियम आहे. 'सर्व रीती सारख्याच सुलभ' ही अट मात्र विद्यार्थ्याने कधी विसरू नये; पुढे तिच्याशीच आपली गाठ आहे.

१, ६, १५, २०, १५, ६, १ ही ओळ आपल्याकडे फार पुरातन आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर भाष्य करताना हलायुधाने दहाव्या शतकात मेरुप्रस्ताराचे स्पष्टीकरण केले, त्यात ती येते. लघुगुरू अक्षरे मांडण्याचे प्रकार मोजणे हा तेथील हेतू. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, सुमारे ८५० च्या आसपास, महावीराचार्याने 'गणितसारसंग्रहा'त अशा निवडी मोजण्याचा सर्वसाधारण नियम दिला. सहांतून दोन निवडायचे तर सहा गुणिले पाच, भागिले एक गुणिले दोन, म्हणजे पंधरा. याच अमोघवर्षाचा पुत्र दुसरा कृष्ण हा त्रिपुरीच्या कलचुरी कोक्कल्लाचा जामात होता, आणि ती त्रिपुरी म्हणजे आमच्या जबलपुराजवळचे तेवर गाव. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी 'लीलावती'त सहा रसांच्या मिश्रणांचे उदाहरण घातले. एकेक रसाचे ६ प्रकार, दोन-दोनांचे १५, तीन-तीनांचे २०. आमच्या कवड्यांचीच ही ओळ!

मग संभवाचे शास्त्र येथे का उदयास आले नाही? मोजण्याची विद्या आपल्यापाशी होती. परंतु तिची सांगड 'पुढे काय घडेल' या प्रश्नाशी घातली गेली नाही. ती सांगड १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात पडली, आणि तीही जुगारातील एका तंट्यामुळे. दोघांनी प्रत्येकी ३२ नाणी लावली. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने सर्व ६४ घ्यावयाची. एकाचे दोन आणि दुसऱ्याचा एक डाव झाला असता खेळ मोडला. वाटणी कशी करावी? पास्काल म्हणतो, पुढचा डाव पहिल्याने जिंकला असता तर त्याला ६४ मिळाली असती. हरला असता तर दोघे बरोबरीला येऊन त्याला ३२ मिळाली असती. पैकी ३२ त्याची कोणत्याही परिस्थितीत आहेतच. उरलेली ३२ दोघांत समान वाटा. म्हणून पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. न घडलेल्या डावांनाही हिशेबात जागा असते, ही नवी दृष्टी येथून सुरू झाली.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळू. पंचवीस आणि सहा या दोन्ही दानांची संभाव्यता हिशेबाने सारखीच, ६४ पैकी १. तर मग मोलात एवढा फरक का? एक उत्तर असे की, दोन ते सहा ही दाने केवळ उताण्या कवड्या मोजून ठरली असावीत. दुसरे उत्तर अधिक विचार करावयास लावणारे आहे. कवडी हे नाणे नव्हे; तिची एक बाजू फुगीर, दुसरी चपटी. ती दोन्ही बाजूंनी सारखीच पडते हे आपण गृहीत धरले, सिद्ध केले नाही. ते कागदावर सिद्ध होणारही नाही. त्यासाठी कवडी पुष्कळ वेळा टाकावी आणि नोंद ठेवावी लागेल. अशा नोंदींतून खऱ्या प्रमाणाच्या जवळ जाता येते, याची पहिली सिद्धता याकोब बर्नुली याच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे.

येथे नळाची कथा आठवते. वनपर्वात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे पाहून सांगतो की, त्याच्या दोन फांद्यांवर २०९५ फळे आहेत. नळ रथ थांबवतो, झाड पाडतो, फळे मोजतो आणि संख्या जुळते. मग तो ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकतो. द्यूतात सर्वस्व हरलेल्या नळाचे खरे शहाणपण, माझ्या मते, मोजून पाहण्यात होते. फाशांचे ज्ञान आणि अंदाजाचे ज्ञान ही एकाच विद्येची अंगे आहेत, हे त्या कथाकाराला जाणवले होते खास.

ही विद्या माझ्या सरकारी नोकरीत मला एकदा फार जवळून भेटली. पूर्वी पिकाचा अंदाज आणेवारीने, म्हणजे नजरेने, ठरत असे. बिहार-ओरिसातील मुलकी अधिकारी जॉन हबक यांनी १९२३ ते १९२५ या काळात भाताच्या कापणीसाठी जागा यादृच्छिक रीतीने निवडण्याचा प्रघात घातला. पुढे विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या मराठी संख्याशास्त्रज्ञांनी कापणी-प्रयोगांची पद्धत देशभर रुजविली. पीकविम्याची भरपाईही अशा प्रयोगांवर ठरू लागली.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतली गोष्ट. यादृच्छिक अंकांनी दाखविलेले शेत पाणी साचून पिवळे पडलेले निघाले. सोबतचा माणूस म्हणाला, "साहेब, हे काही गावाचे पीक नव्हे. शेजारचे चांगले आहे, तेथे कापू." मला ते पटले, आणि मी शेत बदलले. रात्री आकडे लिहिताना ध्यानात आले की, आपण संभवाचे दान हाताने उलटविले. गावात बुडालेली शेते जितकी, तितकाच त्यांचा निवडीत येण्याचा हक्क. ती वगळली की सरासरी फुगते, आणि ज्याचे पीक गेले त्याची भरपाईही जाते. दुसऱ्या दिवशी परत जाऊन त्या पिवळ्या शेतातच कापणी केली. अंक आंधळे असतात, यातच त्यांचा न्याय असतो.

आणखी एक गैरसमज दूर करतो. पंचवीसचे दान ६४ पैकी १ म्हणजे ६४ वेळा टाकल्यावर ते पडेलच, असे नव्हे. दर खेपेस ते न पडण्याची संभाव्यता ६४ पैकी ६३. ती ६४ वेळा आपल्याशीच गुणली तर सुमारे ०.३६५ उरते. म्हणजे अशा शंभर बैठकींपैकी छत्तीस-सदतीस बैठकींत ते दान एकदाही दिसणार नाही. 'इतके वेळा आले नाही, आता आलेच पाहिजे' या समजुतीपायी कित्येकांचे संसार धुळीस मिळाले. कवडीला मागचे दान आठवत नसते.

भाचा आता वही घेऊन बसतो, कवड्या टाकतो आणि रेघा ओढतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वहीतूनच निघेल. ते मी सांगून टाकणे उचित नव्हे.