रक्तशुद्धीची कसोटी

रक्तांतील दोष काढून टाकला म्हणजे रोगी बरा होईल, ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतानें जळवा लावण्याचा विधि सांगितला, तो याच भावनेनें. योगायोग असा कीं, या कल्पनेला यंत्राचें रूप आलें तेंही जळूच्याच साह्यानें. १९१३ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत जॉन एबल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कुत्र्याचें रक्त शरीराबाहेर कोलोडियनच्या नळ्यांतून फिरविलें. तें गोठूं नये म्हणून त्यांत जळवांपासून काढलेलें द्रव्य मिसळलें होतें. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं रक्तांतील पातळ द्रव वेगळा काढून पेशी पुन्हां शरीरांत सोडल्या आणि या क्रियेस ‘प्लाझ्माफेरेसिस’ असें नांव दिलें.

पुढें ही युक्ति माणसांच्या उपयोगी पडली. पुण्यांत २०२५ सालीं ज्याची साथ आली, तो गुलेन बॅरे विकार पुष्कळदां साध्या संसर्गामागून येतो व हातपाय लुळे करतो. १९८५ सालीं अमेरिकेंत २४५ रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. तींत ज्यांचा रक्तद्रव बदलला, ते इतरांपेक्षां लवकर चालूं लागले.

म्हणून कोविड गेल्यावरही महिनोंमहिने अंथरुणाला खिळलेल्यांनीं याच यंत्राकडे आशेनें पाहिलें, यांत नवल नाहीं. २०२२ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलनें लिहिलें कीं, असे रोगी रक्त गाळून घेण्यासाठीं जर्मनी, सायप्रसपर्यंत जात आहेत व कांहींची पुंजी त्यांत संपली आहे. कोणास बरें वाटे, कोणास वाटत नसे. पण बरें वाटलें तें यंत्रानें, काळानें, कीं आशेनें?

हा निवाडा स्पेनमधील बडालोना येथें झाला. ५० रोग्यांची, चिठ्ठ्या टाकाव्या तशी, दोन गटांत वांटणी केली. एका गटाचा रक्तद्रव सहा वेळां बदलला. दुसऱ्यास तशाच बैठकींत केवळ मिठाचें निर्जंतुक पाणी दिलें. कोण कोणत्या गटांत, हें रोग्यांस कळूं दिलें नाहीं. २०२५ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: उपचार निर्धोक ठरला, पण खऱ्या व लटक्या उपचारांच्या गुणांत फरक दिसला नाहीं.

यावरून त्यांचा थकवा काल्पनिक आहे, असें कोणी समजूं नये. एका विकारांत गुणकारी ठरलेलें यंत्र दुसऱ्यांत ठरेलच असें नाहीं, एवढाच याचा अर्थ. ज्या रोग्यांनीं लटका उपचार वांट्यास येण्याची शक्यता पत्करली, त्यांच्यामुळें हें कळलें. आतां घर गहाण टाकून परदेशीं निघालेल्या एखाद्यास थांबवून चार शब्द सांगतां येतील. त्या उपकाराचें मोल लहान नव्हे.