वाम (घरगुती प्रवाळ-मत्स्यालयातील)

उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींच्या कपारींत राहणाऱ्या म्यूरेनिडी कुलातील ज्या मोजक्या वामा घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळल्या जातात, त्यांत बाजारात ‘स्नोफ्लेक मोरे’ या नावाने विकली जाणारी एकिड्ना नेब्युलोसा ही सर्वांत सोशिक होय. तांबडा समुद्र व पूर्व आफ्रिकेपासून मध्य अमेरिकेपर्यंत तिचा प्रसार असून लक्षद्वीप व अंदमान येथील उथळ पाण्यातही ती आढळते. पांढुरक्या अंगावर काळ्या, नक्षीदार डागांच्या दोन रांगा व त्या डागांत पिवळे ठिपके असे तिचे देखणे रूप आहे; लांबी सामान्यतः ६० ते ७० सेंमी., क्वचित १ मी. भरते.

वाम पाळण्याचा शौक फार प्राचीन आहे. रोमन धनिकांच्या समुद्रकाठच्या तळ्यांत वामा असत, आणि द्रूससची पत्नी अंतोनिया हिने आपल्या आवडत्या वामेस कर्णभूषणे घातली होती, असे प्लिनीने नमूद केले आहे.

या प्राण्यास खवले नाहीत व छातीचे परही नाहीत. तोंडाची जी अखंड उघडझाप नवख्या माणसास क्रोधाची वाटते, ती केवळ श्वसनासाठी, कल्ल्यांवरून पाणी खेळवण्याकरिता असते. दृष्टी मंद, पण घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण. मोरे वामांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असून ती पुढे झेपावून भक्ष्य आत ओढते, हे रीता मेहता व पीटर वेनराइट यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. आणि पाण्याच्या शोषणावर विसंबावे न लागल्यामुळे प्रस्तुत जातीची वाम पाण्याबाहेरही घास गिळू शकते, असे मेहता व काइल डोनोहो यांच्या २०२१ मधील प्रयोगांत आढळले.

जी वाम कोरड्यावर येऊन खाते, ती टाकीतून बाहेर पडण्यासही कचरत नाही, आणि पाळलेल्या वामा दगावण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. सबब टाकीस घट्ट व वजनदार झाकण हवे, आणि नळ्या, वायरी व पाणी वाहून जाण्याची खाच यांभोवतीच्या फटी जाळीने बुजवण्याची तजवीज वाम आणण्यापूर्वीच झाली पाहिजे. खडक वाळूवर न रचता थेट तळाच्या काचेवर रचावेत. एरवी वाम खालची वाळू उकरते व रचना ढासळते. ती पोवळी खात नाही, मात्र सैल बसवलेली पोवळी तिच्या अंगाच्या रेट्याने उलथतात. बोथट दातांनी कवच फोडून खाणे हा तिचा स्वभाव असल्यामुळे कोळंबी व खेकडे तिच्यासोबत ठेवू नयेत.

आहारास माकूल, कोळंबी व तिसऱ्यांचे तुकडे आलटूनपालटून, लांब चिमट्याने, आठवड्यातून दोन-तीन वेळा द्यावेत. बोटांनी भरवू नये, कारण बोटाला लागलेला मासळीचा वास आणि घास यांत तिला फरक करता येत नाही. या मांसाहारामुळे पाणी लवकर दूषित होते, म्हणून समर्थ प्रोटीन स्किमर आवश्यक ठरतो. तांब्याची औषधे या खवलेहीन त्वचेस घातक होत.

सुमारे ३०० लिटरपेक्षा लहान टाकीत ही जात ठेवणे अयोग्य होय. त्याहून लहान टाकीस सुमारे २६ सेंमी. पर्यंत वाढणारी जिम्नोथोरॅक्स मेलॅट्रेमस ही पिवळी वाम साजेशी आहे. निळ्या-पिवळ्या रंगाची, फितीसारखी राइनोम्यूरीना क्वेसिटा मात्र मोहात पडून कोणीही आणू नये; बंदिवासात ती बहुधा अन्न नाकारते व उपासमारीने मरते. बाजारात येणाऱ्या जवळजवळ सर्व वामा समुद्रातूनच पकडलेल्या असतात, त्यामुळे अशा प्रत्येक खरेदीचा भार प्रवाळभित्तीवरच पडतो. भारतातील हौशी पालकाने हेही ध्यानी धरावे की, दगडी पोवळी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट असून ती समुद्रातून काढून टाकीत लावणे हा दंडनीय अपराध आहे.