झाडं बाहेरून आली, आवाराची आखणी मात्र इथलीच



मे महिना लागला की एक प्रश्न हमखास येतो. मुंबईहून सुट्टीला आलेले, गावाला नवीन घर बांधलेले लोक विचारतात, "घराभोवती काय लावू? शोभेचंही हवं आणि जगलंही पाहिजे." नर्सरीत गेलात तर रोपांची यादी मिळते. मला वाटतं, यादीच्या आधी थोडा इतिहास बघावा. आपल्या राजापूर तालुक्यातली जुनी आवारं टिकली ती अमुक झाड लावलं म्हणून नव्हे, तर पाण्याची वाट आधी आखली म्हणून. झाडं तर चारशे वर्षं बदलतच आलीत.

आधी जमीन समजून घेऊ. आपल्या पायाखाली जांभा. फ्रान्सिस बुकानन या इंग्रज कंपनीच्या डॉक्टरने केरळात हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना मऊ, वारा लागला की टणक, म्हणून चिरा कापता येतो. पण जांभा भोकाभोकांचा. पाणी जेवढ्या लवकर मुरतं तेवढ्याच लवकर खालच्या शेडीवर अडून उताराकडे निघून जातं. म्हणून वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. सड्यावर तर माती वीतभरही नाही. म्हणजे आपल्या आवारापुढे कायम दोनच कामं होती. चार महिने पाणी माती घेऊन जाणार नाही हे बघणं, आणि उरलेले आठ महिने जे पाणी आहे ते दोनदा वापरणं.

जुनं आवार नीट बघा, ही दोन्ही कामं दिसतील. घर उताराच्या मधल्या टप्प्यावर. वरच्या अंगाला चर, डोंगराचं पाणी घराच्या बाजूने पऱ्याला काढून देणारा. पुढीलदारी खळं, मध्ये तुळशीवृंदावन. पावसात खळ्यात गवत माजू द्यायचं, भात कापणीला आलं की तासून, चोपून, शेणाने सारवून घ्यायचं. मागीलदारी विहीर, डोण आणि न्हाणी. न्हाणीचं पाणी आधी अळू-कर्दळीत, मग केळीच्या आळ्यात, उरलं तर पोफळीला. केळ न्हाणीजवळ असते ती उगाच नाही. तिला रोज पाणी लागतं आणि न्हाणीतून ते रोजच येतं.

हद्दीला गडगा. जांभ्याचे दगड नुसते एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. त्या फटींतून पाणी जातं, माती आणि पातेरा अलीकडे राहतो. दहा-वीस पावसाळ्यांनी गडग्याच्या वरच्या बाजूला आपोआप मातीचा टप्पा तयार होतो. कृषी सहायक आज ज्याला मृद्संधारण म्हणतात ते काम गडगा करत होता.

आता हवेचा हिशोब. आपल्याकडचं ऊन कोरडं नाही, घाम सुकत नाही. अशा हवेत नुसती सावली पुरत नाही, वारा खेळता लागतो. म्हणून जुन्या घरांच्या भिंतीला लागून दाट झुडपं सहसा दिसत नाहीत. माड आणि पोफळ उंच, खाली मोकळं, त्यामुळे वारा अडत नाही. फणस, रातांबा पश्चिमेच्या अंगाला, दुपारनंतरचं ऊन अडवायला, पण नैऋत्येचा वारा सुटला तर फांदी कौलांवर येणार नाही एवढं अंतर ठेवून. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा हे अंतर किती महत्त्वाचं ते पुन्हा कळलं.

आता झाडांकडे येऊ. राजापूर हे जुनं बंदर. अर्जुनेच्या खाडीतून, जैतापूरच्या मुखातून इथे माल यायचा. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतलं तेव्हा त्या वखारीवरही कारवाई झाली. मिरी आणि कापड ज्या समुद्रवाटांनी फिरत होतं, त्याच वाटांनी या किनाऱ्यावर झाडंही आली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून अमेरिकेतून काजू, अननस, पपई, मिरची आणली. काजू आणि अननस ही नावंसुद्धा त्यांच्याच भाषेतून आलेली. हापूसच्या नावातही पोर्तुगीज 'अफोन्सो' आहे. जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. ज्याची कापं आपण आवडीने खातो तो निरफणस पॅसिफिककडचा. देवळासमोरचा खुरचाफा आपल्याला पुराणकाळापासूनचा वाटतो, पण तोही मूळ अमेरिकेचा. बोगनवेल ब्राझीलची, गुलमोहर मादागास्करचा. वईला लावतो ते गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं.

म्हणजे "फक्त देशी झाडं लावा" म्हणणाऱ्याने आपल्या आजीच्या आवारातली निम्मी झाडं आधी मोजावीत. सोनचाफा, सुरंगी, बकुळ, रातांबा, फणस ही आपली खरीच, आणि ती जपायलाच हवीत. पण बाहेरून आलेलं प्रत्येक झाड इथल्या आखणीत कुठेतरी बसवलं गेलं. काजू गडग्याबाहेरच्या वरकस जमिनीत गेला, कारण त्याला शिंपण लागत नाही. पपई न्हाणीच्या पुढे, पण पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर. जायफळ पोफळीच्या सावलीत. पाहुण्याला जागा दिली, घर मोडलं नाही.

भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बाग' म्हणून जी पद्धत मांडली, नारळात जायफळ, दालचिनी आणि वर चढलेली काळी मिरी, तिचं मूळ आपल्या मागीलदारातच आहे. केंद्राने त्याला अंतर, खत आणि हिशोब दिला.

आखणी मोडायला सुरुवात झाली ती आपल्या डोळ्यांदेखत. प्लॉट घेतला की जेसीबीने टप्पे सपाट होतात. गडग्याच्या जागी सिमेंटची भिंत येते, तिला खाली भोकं ठेवायचंही कुणाला सुचत नाही. खळ्यावर पेव्हर ब्लॉक. न्हाणीचं पाणी पाइपने शोषखड्ड्यात. समोर लॉन.

साधा हिशोब करू. हजार चौरस फुटांच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 2 लाख 80 हजार लिटर पाणी. दहा गुंठ्यांच्या आवारावर सुमारे 30 लाख लिटर. हे पाणी कुठेतरी जाणारच. पूर्वी आळ्यात, गडग्याच्या फटीत, पऱ्यात वाटलं जायचं. आता एका दमात रस्त्यावर येतं, तिथून व्हाळात, आणि शेवटी अर्जुना-कोदवलीत. दुसरीकडे, मे महिन्यात जमिनीतून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर एक गुंठा लॉन जगवायला रोज पाचशे लिटर लागतात. तेवढ्या पाण्यात दहा माड सांभाळले जातात.

यात एकट्या घरमालकाचा प्रश्न नाही. 1880 च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्येच लिहून ठेवलंय की मोठी गलबतं राजापूरच्या जुन्या दगडी धक्क्यापर्यंत येऊ शकत नाहीत, तीन मैल अलीकडे थांबतात. डोंगरावरची माती खाडीत उतरली, बंदर गाळाने गेलं. तोच गाळ आज नदीचं पात्र उथळ करतो आणि जवाहर चौकात पाणी भरतं. शहरातला पूर वरच्या गावांच्या आवारांतूनही उतरतो.

तेव्हा "काय लावू?" याचं माझं उत्तर असं. या पावसात काहीच लावायची घाई करू नका. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत छत्री घेऊन आवारातून फिरा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून माती घेऊन जातं तिथे खुंट्या मारा. वरच्या अंगाला चर काढा. भिंत बांधलीच असेल तर तळाला दर पाच-सहा फुटांवर भोक पाडा. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी केळी-अळूकडे वळवा. खळं जेवढं मोकळं ठेवता येईल तेवढं ठेवा, गाडीपुरत्या दोन पट्ट्यांना फरशी बस्स झाली. माड घरापासून पंचवीसेक फूट लांब, दोन माडांत साडेसात मीटर. पातेरा जाळू नका, आळ्यात टाका.

एवढं झालं की मग नर्सरीत जा. सुरंगी आणा, नाहीतर बोगनवेल आणा, माझी काही हरकत नाही. जागा ठरलेली असली की झाड परकं राहत नाही.

तुमच्या गावच्या जुन्या आवारात पाणी वळवायची वेगळी काही रीत असेल तर तिच्या स्थानिक नावासकट जरूर लिहा. म्हातारी माणसं आहेत तोवर ही नावं गोळा करून ठेवू.