कोरडा दिवस आणि आडवी बाटली

धार्मिक सणांच्या दिवशी पब आणि परमिट रूम उघडे ठेवू द्यावेत की नाही, हा प्रश्न वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेत कायद्यापुरता तरी उद्भवत नाही. गांधीजींचे सेवाग्राम आणि विनोबांचे पवनार ज्या जिल्ह्यात आहे, तेथे १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. वर्षाचे सारेच दिवस कोरडे. महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत मात्र आषाढी एकादशीला 'ड्राय डे' पाळला जातो आणि दुसऱ्या दिवशी दुकान पूर्ववत उघडते. १९४९ च्या एकाच दारूबंदी कायद्याखाली या दोन्ही व्यवस्था नांदतात. त्यांच्यातील भेद केवळ दिवसांच्या संख्येचा नाही, असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्रातील मद्यविरोधाची परंपरा सणवारापासून सुरू झालेली नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुले यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, ती लोकांच्या नीतीची आणि संसाराची हानी होते म्हणून. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यातील गुत्त्यांपुढे निरोधन केले, तेव्हा रोख सरकारच्या अबकारी उत्पन्नावरही होता. १९३० मध्ये गांधीजींनी दारूच्या दुकानांवरील निरोधनाचे काम विशेषकरून स्त्रियांकडे सोपवले. धर्मवचनांचा आधार या चळवळींनी घेतला असेल. परंतु त्यांची मागणी एका तिथीपुरती कधीच नव्हती.

कोरडा दिवस ही त्या परंपरेची फार आखूड झालेली सावली आहे. त्यामागे दोन वेगवेगळी कारणे उभी असतात आणि आपण ती बहुधा एकच समजतो. पहिले कारण शांततेचे. कायद्याच्या कलम १४२ नुसार जिल्हाधिकारी सार्वजनिक शांततेसाठी दुकाने बंद ठेवू शकतात. विसर्जनाची मिरवणूक असो वा निवडणूक, हे कारण सर्व गर्दींना सारखे लागू पडते. दुसरे कारण पावित्र्याचे, आणि तेथे अडचण सुरू होते. गोंड समाजाच्या पूजाविधीत मोहाच्या दारूला स्थान आहे; ख्रिस्ती उपासनेतील द्राक्षमद्यासाठी तर खुद्द दारूबंदी कायद्यानेच सवलत ठेवली आहे. मग कोणाच्या पावित्र्याने सर्वांचे दुकान बंद करायचे?

आयर्लंडने या प्रश्नाशी सुमारे नव्वद वर्षे झुंज दिली. १९२७ च्या कायद्याने तेथे गुड फ्रायडेला पब बंद असत. २०१८ मध्ये ती बंदी उठली. श्रद्धावानाने त्या दिवशी मद्य वर्ज्य करावे, पण ते त्याचे व्रत असावे, सर्वांवरचा हुकूम नव्हे, असा विचार त्यामागे होता. व्रत आणि हुकूम यांतला हा फरक एकादशीचा उपास करणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि एवढ्याने प्रश्न मिटत नाही. पब सणाला उघडावा असे म्हणणारे गिऱ्हाइकाच्या स्वातंत्र्याचा विचार करतात, बंद ठेवा म्हणणारे भाविकाच्या भावनेचा. दुकानाशेजारी राहणाऱ्या बाईला दोघेही विचारत नाहीत. तिला विचारण्याची सोय महाराष्ट्राने केली आहे. गावातील वा वॉर्डातील महिलांनी मागणी केल्यास गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला कौल दिला, तर दुकान बंद. फुल्यांच्या तक्रारीचा खरा वारसा आम्हांला या चिन्हात दिसतो.

शेजारच्या चंद्रपूरचा अनुभव येथे आठवावा. महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये तेथे दारूबंदी झाली. अवैध दारू व गुन्हेगारी वाढल्याचे कारण देत २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. ते कारण खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांनी बंदी मागितली त्यांचे मतदान काही त्यापूर्वी घेतले गेले नाही.

म्हणून आमचे मत असे: गर्दीच्या दिवशी शांततेसाठी पब बंद ठेवावा, मग गर्दी कोणत्याही धर्माची असो, केवळ तिथी पवित्र आहे म्हणून बंद ठेवू नये. आणि तो तेथे असावा की नसावा, हे ज्यांच्या घरापर्यंत त्याची झळ पोचते त्यांनी ठरवावे. वर्षातून एक दिवस दाराला कुलूप लावून उरलेल्या दिवसांच्या महसुलाकडे निर्वेधपणे पाहता येते. आडव्या बाटलीपुढे शासनाला ती सोय राहत नाही.