‘स्टिच’ म्हणजे नेमके काय? टाका, उसण आणि एक जुना शब्द

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इंग्लंडमध्ये वाढलेला एक तरुण सुट्टीत आजीकडे आला होता. मराठी जेमतेम. दवाखान्यात बसला आणि छातीच्या उजव्या बाजूला हात ठेवून म्हणाला, “डॉक्टर, इथे स्टिच आहे.” मी शर्ट वर करायला सांगितला. टाका नाही, जखम नाही, जुना व्रणही नाही. मी विचारले, “ऑपरेशन कधी झाले?” तो माझ्याकडे बघतच राहिला.

आपल्याकडे स्टिच म्हटले की टाकाच डोळ्यांसमोर येतो. ‘किती स्टिचेस पडले?’, ‘स्टिचेस कधी काढणार?’ हे प्रश्न आपण रोज ऐकतो. त्या मुलाला मात्र बरगडीत निघणारी चमक म्हणायची होती. गंमत अशी की या शब्दाचा जुना अर्थ तोच आहे, शिवण नंतर आली.

आधी दुखणे, मग शिवण

जुन्या इंग्रजीत ‘स्टिचे’ म्हणजे टोचणे, भोसकणे, आणि टोचल्यासारखी कळ. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी वैद्यकीय हस्तलिखितात अचानक भरणाऱ्या अशा कळेवरचा मंत्र आणि उपाय दिला आहे. फीव्हरफ्यू नावाची वनस्पती, लाल नेटल आणि प्लँटेन लोण्यात उकळायचे आणि मंत्र म्हणायचा. देव, पऱ्या किंवा चेटकिणी अदृश्य बाण मारतात म्हणून कळ येते, अशी समजूत होती.

हसू नका. आपल्याकडे याच दुखण्याला ‘उसण भरली’ म्हणतात, आणि उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची पद्धत अनेक घरांत होती. दुखणे एकाएकी येते, बाहेर काही दिसत नाही आणि बहुतेक वेळा आपोआप जाते. अशा दुखण्याला जगभर असेच उपाय सापडतात, आणि ते ‘लागू’ही पडतात, कारण उसण तशीही जाणारच असते.

सुई टोचते, म्हणून सुईच्या एका फेऱ्याला पुढे ‘स्टिच’ म्हणू लागले. कपड्यावरून तो शब्द जखमेवर आला. हसून हसून कुशीत कळ येते, त्यावरूनही इंग्रजीत वाक्प्रचार आहे. शेक्सपिअरने ‘ट्वेल्थ नाइट’ या नाटकात तो वापरला आहे.

शिवणे, सूचर आणि सुश्रुत

आम्ही डॉक्टर टाक्याला ‘सूचर’ म्हणतो. हा शब्द ‘शिवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला. संस्कृतातला ‘सिव्’, मराठीतले ‘शिवणे’, इंग्रजीतले ‘स्यू’ आणि हे ‘सूचर’ एकाच मुळाचे आहेत. कवटीची हाडे जिथे जुळतात त्या नागमोडी रेषांनाही सूचरच म्हणतात. तिथे कुणी टाका घातलेला नसतो. रेषा शिवणीसारखी दिसते, एवढेच.

जखम शिवण्याची कला आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत तीन प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत. मांस कमी असेल तिथे आणि सांध्यांवर दोन अंगुळे लांबीची गोल सुई, मांसल भागासाठी तीन अंगुळे लांबीची त्रिधारी, आणि पोट, मर्मस्थाने यांसाठी धनुष्यासारखी वाकडी. आजच्या ऑपरेशन थिएटरमध्येही नाजूक ऊतींसाठी गोल, कातडीसाठी धारदार आणि बहुतेक कामांसाठी वाकडीच सुई असते. दोऱ्यासाठी बारीक सूत, तागासारखे तंतू, झाडाच्या सालीचे धागे, स्नायू (म्हणजे कंडरेचे तंतू) आणि केस असे पर्याय आहेत. वेलीसारखा वळत जाणारा सलग टाका वेगळा, सुटी गाठ वेगळी, असे टाक्यांचे प्रकारही दिले आहेत.

विरघळणाऱ्या टाक्यांसाठी पुढे ‘कॅटगट’ फार वापरले गेले. नावात मांजर असले तरी ते मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यापासून बनते. त्यातून जंतुसंसर्ग होई. 1860 च्या दशकाच्या शेवटी जोसेफ लिस्टर यांनी ते कार्बोलिक आम्लात बुडवून वापरायला सुरुवात केली. 1970 च्या सुमारास कृत्रिम विरघळणारे धागे आले.

भरतकामातून शस्त्रक्रिया

1894 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना लियाँ शहरात सुऱ्याने भोसकले. यकृताकडे जाणारी मोठी शीर तुटली. शस्त्रक्रिया करणारे हजर होते, पण तुटलेली रक्तवाहिनी नीट शिवण्याची पद्धतच तेव्हा प्रचलित नव्हती. कार्नो वाचले नाहीत. त्याच शहरातल्या आलेक्सी कॅरेल या तरुण डॉक्टरला ही गोष्ट खटकली. तो भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे जाऊन बारीक सुई आणि रेशीम हाताळायला शिकला. वाहिनीच्या कडेला तीन ठिकाणी टाके घालून ती ताणायची, म्हणजे गोल तोंडाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडा शिवता येतात, ही त्याची युक्ती. 1912 चे नोबेल पारितोषिक त्याला यासह अवयवरोपणाच्या कामासाठी मिळाले. आजच्या बायपास आणि मूत्रपिंडरोपणाचा पाया त्या शिवणकामात आहे.

आता त्या मुलाकडे वळू

धावताना कुशीत येणारी स्टिच निरुपद्रवी असते. पोटाचे आतले अस्तर घासल्याने ती येत असावी, असे आज मानले जाते. भरपेट जेवून किंवा गोड पेय पिऊन धावले की जास्त येते. थांबल्यावर काही मिनिटांत जाते.

हा मुलगा मात्र धावला नव्हता. दोन दिवस खोल श्वास घेतला की कळ येत होती, जिना चढताना धाप लागत होती. आजीने उसण समजून शेक दिला होता. मी पाय तपासले. एक पोटरी सुजलेली होती. लांबच्या विमानप्रवासात तासन्‌तास बसून पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता. त्याला लगेच रुग्णालयात पाठवले, रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली, तो बरा झाला. ‘स्टिच’ ऐकून मी फक्त टाका शोधत बसलो असतो, तर?

म्हणून वाचकहो, एवढे लक्षात ठेवा. छातीत किंवा बरगडीत टोचणारी कळ श्वासाबरोबर वाढत असेल, सोबत धाप, ताप, खोकल्यातून रक्त, चक्कर किंवा एका पायाला सूज असेल, तर ती उसण समजून घरी शेकत बसू नका. नुकताच लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झाले असेल तर जास्तच सावध राहा. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप किंवा चक्कर असेल तर थेट रुग्णालयात जा.

वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ टाके वाचवतो, ही इंग्रजी म्हण आपण शाळेत शिकलो. ती 1732 मध्ये आपल्या म्हणींच्या संग्रहात छापणारे टॉमस फुलर व्यवसायाने डॉक्टरच होते.