काळी, पांढरी आणि बेचिराख

मानवी भूगोल हें शास्त्र आमच्याकडे इंग्रजी पुस्तकांच्या वाटेनें आलें. जर्मन पंडित रॅट्झेल यांच्या या विषयावरील मोठ्या ग्रंथाचा पहिला भाग १८८२ त निघाला. फ्रेंच आचार्य व्हिदाल द ला ब्लाश यांचें विवेचन त्यांच्या मृत्यूनंतर १९२२ त ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. एकानें भूमीच्या सत्तेवर भर दिला, दुसऱ्यानें माणसाच्या निवडीवर. या वादाच्या आधारें वस्ती, स्थान, परिसर, स्थलांतर असे प्रतिशब्द आम्हीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस पढविले. एकदां एका विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत 'वस्तीचें स्थान' लिहिण्याऐवजीं सरळ 'पांढरी' असें लिहिलें, आणि आम्हीं त्या शब्दाखालीं तांबडी रेघ ओढली. ती रेघ आज आम्हांस खुपते.

जुन्या मराठींत गांव म्हणजे काळी आणि पांढरी. काळी ही पिकाची जमीन, पांढरी ही राहण्याची. 'गांवगाडा' हा त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा ग्रंथ ज्यांनीं वाचला असेल त्यांस ही जोडी नवी नाहीं. परंतु पांढरीचा पांढरेपणा येतो कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मातीच्या भिंती पडतात, त्यांच्याच ढिगावर पुन्हां भिंती उठतात. चुलींची राख, शेण, हाडें, फुटकीं मडकीं यांचे थरावर थर साचतात आणि शेंकडों वर्षांनीं काळ्या रानाच्या मधोमध एक फिकट टेकाड उभें राहतें. म्हणजे काळी निसर्गानें दिली असली तरी पांढरी माणसानें राहून राहून केली. पुराणवस्तुसंशोधक अशींच पांढरीचीं टेकाडें शोधीत हिंडतात. घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून जें उत्खनन केलें, त्यांत इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांचीं घरें उजेडांत आलीं. पुढें जाऊन याच शब्दानें केवळ जागाच नव्हे, तर त्या जागेवर राहणारी मंडळीही ओळखली जाऊं लागली. जागा आणि समाज यांना एकच नांव देणारा असा शब्द आमच्या पाठ्यपुस्तकांत तरी आम्हांस आढळला नाहीं.

कसबा व मौजे हे शब्द अरबींतून आले, खुर्द व बुद्रुक हे फारसींतून. पहिल्याचा अर्थ धाकटें, दुसऱ्याचा थोरलें. एकाच नांवाच्या दोन वस्त्या शेजारीं असल्या कीं दप्तराला असा भेद करावाच लागे. त्यावर अधिक थांबण्याचें कारण नाहीं.

थांबावें तें 'बेचिराख' या शब्दापाशीं. मराठी कानाला यांत राख ऐकूं येते, आणि गांव जळून खाक झालें असा अर्थ आपण सहज घेतों. वास्तविक हा फारसी 'बेचिराग', म्हणजे दिव्यावांचूनचा. जेथें संध्याकाळीं दिवा लागत नाहीं तें गांव बेचिराख. मग तेथें आग लागलेली असो वा नसो. राख ही तर उलट वस्तीची खूण, तिच्यावांचून पांढरी झालीच नसती! माणसें मेलीं कीं निघून गेलीं, याचा निवाडा हा शब्द करीत नाहीं. निघून गेलेल्यांसाठीं 'परागंदा' हा निराळा शब्द होता, तोही फारसीच, अर्थ 'विखुरलेला'. आणि अशा ओस गांवीं कुळें परत यावीं म्हणून सरकार कौल देई: पहिल्या वर्षीं सारा अगदीं थोडा, मग सालोसाल चढता. या चढत्या बांधणीस इस्तावा म्हणत. १६३० च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनेंत या शब्दाची किती गरज पडली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

परंतु गांव केवळ पाऊस न पडल्यानेंच ओस पडतें असें नाहीं. पुणें जिल्ह्यांत १८२४ ते १८२८ या अवधींत प्रिंगल यांनीं जमिनीची पाहणी केली आणि रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धांतास अनुसरून निव्वळ उत्पन्नावर साऱ्याचे दर बसविले. हिशेब मोठा शास्त्रशुद्ध होता, दर मात्र पेलणारे नव्हते. इंदापूर भागांत जमिनी पडीक राहूं लागल्या आणि कित्येक कुळांनीं शेजारच्या संस्थानी मुलुखाची वाट धरली. पुढें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ त तेथील दर उतरवून ते तीस वर्षांसाठीं कायम केले, तेव्हां टाकलेल्या रानांत पुन्हां नांगर चालले. हा मुलूख अवर्षणाचा खरा. पण त्या दहाबारा वर्षांत माती तीच होती, भीमाही तीच होती. बदलला तो कागदावरचा आंकडा. रॅट्झेलपंथीयांनीं हें उदाहरण अवश्य पाहावें.

आमचा तो विद्यार्थी याच तालुक्यांतला. १९८० त भीमेवरील उजनी धरण पुरें झालें आणि कांठचीं अनेक गांवें काळी-पांढरीसह पाण्याखालीं गेलीं. जुनें पळसदेव त्यांपैकींच. लोकांनीं उंचावर नवें गांव वसविलें. नुकसानभरपाईच्या कागदांत काळीचें क्षेत्र मोजतां येतें, घराच्या भिंतींचीही किंमत ठरवितां येते. भिंतींखालच्या थरांसाठीं रकाना कोणता, हें आम्हांस अद्याप कोणी सांगितलेलें नाहीं. पाणी फार ओसरलेल्या उन्हाळ्यांत तेथील जुनें देऊळ उघडें पडतें, आणि लोक तें पाहावयास जातात.