बिरड्याचा रोजा, हन्नबीचा उरूस

'एलियाहू हन्नबीचा उरूस'. अलिबागकडच्या बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू कुटुंबांत रुळलेलं हे नाव जरा फोडून पाहू. एलियाहू हा बायबलातला प्रेषित, नाव हिब्रू. 'हन्नबी'तला 'ह' हे हिब्रूचं उपपद, आणि पुढचा 'नबी' म्हणजे प्रेषित. हिब्रूत त्याचा उच्चार 'नवी' असा होतो, अरबीत 'नबी'. दोघे सख्खे भाऊच. '-चा' हा षष्ठीचा प्रत्यय आपला, आणि 'उरूस' अरबी. त्याचा मूळ अर्थ लग्न. पीराचा मृत्यू म्हणजे त्याचं ईश्वराशी मीलन, म्हणून पुण्यतिथीचा उरूस. गंमत अशी की बायबलनुसार एलियाहू कधी मेलाच नाही. अग्निरथ आला आणि तो वावटळीतून सदेह स्वर्गात गेला. पुण्यतिथीच नसलेल्या प्रेषिताचा उरूस कोकणात भरतो, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. अलिबागजवळ खंडाळे परिसरात एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. त्या जागेला म्हणतात 'एलियाहू हन्नबीचा टापा'.

परक्या मुलखात आलेली माणसं तिथली कशी होतात आणि तरी आपली कशी राहतात, याची नोंद बखरीत क्वचित सापडते. बोलण्यातल्या शब्दांत मात्र ती असते. बेने इस्राएलांकडे तर ती दुहेरी आहे, कारण हा समाज दोनदा स्थलांतरित झाला.

पहिलं स्थलांतर दंतकथेच्या धुक्यातलं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले, असं परंपरा सांगते. ही माणसं कोकणात पांगली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी त्यांचा घाणा बंद. कारण शनिवार हा शब्बाथ, त्या दिवशी काम करायचं नाही. गावाला शब्बाथ ठाऊक नव्हता, बंद घाणा मात्र दिसत होता. म्हणून नाव पडलं 'शनिवार तेली', बोलीत 'शनवार तेली'. जातीच्या उतरंडीत तेल्याची पायरी खालची, त्यामुळे या नावात थोडा हिणकसपणाही होता. पण ग्रंथ नाहीत, लेख नाहीत, अशा काळात हे लोक शब्बाथ पाळत होते याची साक्ष हेच टोपणनाव देतं. आपण कोण हे त्यांनी सांगण्याआधी शेजाऱ्यांनीच ते सांगून टाकलं.

आता त्यांच्या जुन्या सणांची नावं पाहा. हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३०–१९०८) यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात ही नावं येतात. हिब्रू नववर्ष, रोश हशाना, म्हणजे 'नव्याचा सण'. त्यानंतर थोड्याच दिवसांनी 'खिरीचा सण'. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा कडक उपास. त्या दिवशी माणसं पांढरे कपडे घालून दारं लावून घरात बसत, म्हणून 'दरफाळणीचा सण', म्हणजे दार लावून घेण्याचा. दुसऱ्या दिवशीचा 'शिळा सण'. वसंतातला पेसाह म्हणजे 'अनशी ढाकायचा सण'. अनास हे आंबट कालवणाचं मडकं. पेसाहात आंबवलेलं काही चालत नाही, म्हणून ते मडकं आठ दिवस झाकून ठेवायचं. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दिवसाचा शोक म्हणजे 'बिरड्याचा रोजा', कारण त्या दिवशी ताटात वालाचं बिरडं. एलुल महिन्यातल्या उपासांना तर सरळ 'रमजान' म्हणत.

या नावांत एक सूत्र दिसतं. मिसरमधून सुटका, मंदिराचा विध्वंस, देवाचा न्यायनिवाडा, असा एकही धर्मशास्त्रीय तपशील त्यांत नाही. बहुतेक नावं स्वयंपाकघरातली आणि उंबरठ्यावरची: खीर, बिरडं, मडकं, दार. कथा सांगणारा ग्रंथ हाताशी उरला नाही, पण त्या दिवशी काय शिजवायचं आणि काय झाकायचं हे घरातल्या बायकांना माहीत होतं. माहीत होतं तेच नाव झालं. माझ्या मते हे सण पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते चुलीमुळेच. चार पुस्तकं बुडाली तर विद्या बुडते. घरोघरच्या सवयी एका वादळात बुडत नाहीत.

'नव्याचा सण' यातलं 'नवं' कोणतं, हाही प्रश्न रंजक आहे. नवं वर्ष हा सरळ अर्थ. पण हा सण पडतो भाद्रपद-आश्विनात, कोकणात हळवं भात तयार होतं त्या सुमारास. आपल्याकडे नव्या दाण्याचं कौतुक करणारी 'नव्याची पुनव' आहेच. मागोमाग खिरीचाही सण येतो, हे पाहता त्या 'नव्या'त नव्या तांदळाचा वास मिसळला असावा, असा माझा तर्क आहे.

पुरीमला ते 'होळीचा सण' म्हणत. हिब्रू पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर, अधिक मास घालून ऋतूंशी मेळ राखणारं. पुरीम अदार महिन्याच्या चतुर्दशीला, होळी फाल्गुनी पौर्णिमेला. त्यामुळे अनेक वर्षी दोन्ही सण पाठीला पाठ लावून येतात. २०२४ सालीही तसंच झालं. गाव होळी पेटवत असताना आपल्याही घरी सण असेल, तर त्याला वेगळं नाव शोधायची गरज काय? पुरीमच्या दिवशी ज्यू लोक एस्तेरचा ग्रंथ वाचतात आणि त्याच्या सुरुवातीलाच इराणी सम्राटाच्या राज्याची एक सीमा म्हणून 'होदू' येतो. होदू म्हणजे सिंधूकडचा मुलूख, आपला हिंद. ज्यांच्या सणाच्या पोथीत पहिल्याच वाक्यात हिंदुस्थान आहे, ते त्या सणाला होळी म्हणत हिंदुस्थानात राहत होते, आणि पोथी त्यांच्याजवळ नव्हती.

हनुक्काला मात्र असं जुनं मराठी नाव नाही. तो सण त्यांच्याकडे पुढे, इतर ज्यूंशी संबंध आल्यावर रुजला. यावरून काही अभ्यासक असा निष्कर्ष काढतात, की हनुक्का सुरू होण्याआधीच यांच्या पूर्वजांनी मूळ भूमी सोडली असावी.

'रोजा' आणि 'रमजान' मुसलमान शेजाऱ्यांकडून आले. देव एक, मूर्ती नाही, सुंता आहे, डुकराचं मांस वर्ज्य. एवढं साम्य असल्यावर धर्माचे शब्द तिथूनच येणार. धर्मकार्य करणारा 'काजी' झाला. झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यांकडे तो मान होता. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली सिनेगॉग बांधलं, त्याला लोक 'जुनी मशीद' म्हणू लागले. 'मशीद बंदर'मधली मशीद हीच, असंही सांगितलं जातं. पुण्यात उलट प्रकार. तिथे ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधलेल्या लाल विटांच्या सिनेगॉगला पुणेकर आजही 'लाल देऊळ' म्हणतात. एकाच धर्माचं प्रार्थनास्थळ एका शहरात मशीद, दुसऱ्यात देऊळ. सिनेगॉगच्या कारभाऱ्यांची यादी तर भाषाशास्त्राच्या परीक्षेत विचारावी अशी आहे: मुकादम, चौगुले, गब्बई, हज्जान, काजी, शमाश. मुकादम आणि काजी अरबी, चौगुला मराठी गावगाड्यातला, गब्बई म्हणजे खजिनदार, हज्जान म्हणजे प्रार्थना म्हणणारा आणि शमाश म्हणजे सेवेकरी, हे तिघे हिब्रू.

व्यक्तिनामांचंही तेच. सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा अबाजी, बेंजामिनचा बुनाजी, इझिकिएलचा हसाजी. शेवटी 'जी' लावला की शिवाजी-संताजींच्या ओळीत बसायला मोकळे. आडनावं गावांवरून: किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, नवगावकर. चित्रपटात 'डेव्हिड' म्हणून गाजलेले नट मुळात डेव्हिड अब्राहम चेऊलकर. नकाशा हरवला तरी रायगड जिल्ह्यातली गावं या आडनावांवरून पुन्हा मांडता येतील.

एकोणिसाव्या शतकात चाक उलटं फिरलं. हिब्रू परत शिकायची होती, आणि ती शिकण्याचं माध्यम मराठी. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. किहीमकरांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली. पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह निघाली. तिच्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पेसाहची बिनखमिराची भाकर करताना दिसतात. १८८० च्या सुमारास तर अब्राहम-योसेफांच्या कथांची कीर्तनं सुरू झाली. 'अनशी ढाकायचा सण' हळूहळू 'पेसाह' झाला, 'दरफाळणी'चा 'किप्पूर' झाला. पोथी परत आली आणि चुलीवरची नावं मागे सरली.

दुसरं स्थलांतर १९४८ नंतरचं. हजारो कुटुंबं इस्राएलला गेली. लोद, रामले, बेर्शेबा, दिमोना, अश्दोद इथे वसली. ज्या देशाचं नाव आपल्या जमातीच्या नावात वाहिलं, त्याच देशात त्यांच्या ज्यूपणावर, विशेषतः लग्नसंबंधांच्या बाबतीत, शंका घेतली गेली. निदर्शनं झाली आणि १९६४ साली तो प्रश्न त्यांच्या बाजूने सुटला. तिथे ते 'होदी', म्हणजे हिंदी, ठरले. आडनावातला 'कर' हिब्रू कानांना वेगळाच ऐकू येतो, कारण हिब्रूत 'कर' म्हणजे थंड.

आणि इथे जपण्याची यादीच बदलली. शनिवार पाळणं ही आता खूण उरली नाही. सारा देशच शनिवारी बंद. हिब्रू तर रस्त्यावरची भाषा. मग वेगळेपण कशात? मेंदीत, हिरव्या बांगड्यांत, मराठी गाण्यांत, आणि मलिद्यात. इस्राएलमधून 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक निघतं, हे नावच पुरेसं बोलकं आहे.

मलिदा हा फारसी शब्द. 'मालीदन' म्हणजे चोळणं, मळणं. आपली 'मालिश' तिथूनच आली. मराठीत पोळी चुरून गूळतूप घातलेला तो मलिदा, आणि राजकारणात जो लाटला जातो तोही मलिदाच. बेने इस्राएलांचा मलिदा पोह्यांचा: भिजवलेले गोड पोहे, खवलेला नारळ, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. खाण्याआधी हिब्रू आशीर्वाद म्हणतात, आणि त्यात झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा. केळ इथे जमिनीच्या बाजूला जातं, कारण धर्मशास्त्र केळीला झाड मानत नाही. वनस्पतिशास्त्रही मानत नाही. लग्न ठरो, बाळ होवो, नवस फिटो, एलियाहूचं नाव घेऊन मलिदा होतोच. इस्राएलमध्येही तो होतो, आणि त्यासाठी लागणारे पोहे तिथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांत मिळतात.

कोकणात या कुटुंबांनी शब्द शेजाऱ्यांचे घेतले आणि शनिवार राखला. इस्राएलमध्ये शनिवार आयता मिळाला, तेव्हा शेजाऱ्यांकडून घेतलेलंच राखायला घेतलं. संस्कृती जपणं म्हणजे पूर्वजांची पेटी जशीच्या तशी पुढे देणं, हा समज या शब्दांपुढे टिकत नाही. प्रत्येक पिढी आजूबाजूला पाहते, इथे सर्रास मिळणार नाही ते कोणतं हे ओळखते, आणि तेवढं घट्ट धरते. 'वारसा' हा शब्दही आपण अरबीतून घेतलेला आहे, आणि त्याने आपलं मराठीपण उणावलेलं नाही.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. कागदावर त्यांची नोंद झाली, आता त्यांच्या शब्दांची व्हायला हवी. 'दरफाळणी', 'अनास', 'शिळा सण' बोलणारी वडीलधारी माणसं अलिबाग-पेणपासून अश्दोदपर्यंत विखुरली आहेत. तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, तर हे शब्द त्यांच्या तोंडून, त्यांच्या उच्चारात नोंदवून ठेवा. ते हिब्रूच्या कोशात जाणार नाहीत. त्यांची जागा मराठी कोशातच आहे.